ब्रेक बसू द्या

कोणतीही गाडी दारात येऊन उभी राहिली, की मिस्त्री आधी नमस्कार करायचे नाहीत, नाव विचारायचे नाहीत, काय बिघडलंय तेही विचारायचे नाहीत. गुडघ्यावर हात टेकून खाली वाकायचे आणि पुढच्या चाकाचा वास घ्यायचे. आमटी खाली लागली का हे बघायला सासू पातेल्यावर वाकते ना, अगदी तसं. मग सरळ व्हायचे, नाक पुसायचे आणि निकाल द्यायचे. "घाटातून आलाय." किंवा, "हँडब्रेक न काढताच पळवलीय." किंवा नुसतंच, "अरारारा."

माझ्या गाडीचा वास घेतला तेव्हा यातलं काहीच म्हणाले नाहीत. एका चाकाकडून दुसऱ्याकडे गेले, परत पहिल्याकडे आले, मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ताई, तुम्ही जित्या कशा?"

मी आधीच रडवेली होते, त्यात हे असलं स्वागत. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "तेच सांगायला आलेय. बसायला खुर्ची तरी द्याल का?"

"खुर्ची नाय. डबा हाय," असं म्हणून त्यांनी ऑइलचा रिकामा डबा पालथा घातला आणि वर आपल्या खांद्यावरचा पंचा अंथरला. पंचा डब्यापेक्षा काळा होता. मी बसले.

सातपूरला तुम्ही कधी गेला असाल तर ती गल्ली तुमच्या डोळ्यांपुढे येईल. मोठ्या कारखान्यांच्या भिंती संपल्या की मागे पत्र्याच्या शेडची रांग लागते. कुठे लेथ फिरतोय, कुठे वेल्डिंगच्या ठिणग्या उडताहेत, आणि शिफ्ट सुटली की बस आणि मोटरसायकलींचा असा लोंढा येतो की रस्ता ओलांडायला नवस बोलावा लागतो. त्या रांगेत शेवटची शेड मिस्त्रींची. पाटीवर एकच शब्द: ब्रेक. क्लच, एसी, इंजिनाचा खडखडाट असलं काही घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला ते न बोलता हातानंच पुढचं दुकान दाखवायचे. त्यांची उमेदीची वर्षं एका कारखान्यात ब्रेकचे भाग घासण्यात गेली होती. तिथून बाहेर पडले तरी काम तेच धरून राहिले.

आता गाडीचंही सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई मखमलाबादची, हिचा धंदा गुलाबाचा, हिच्याकडे स्पोर्ट्स कार आली कुठून? सगळं गावही हेच म्हणत होतं. पहाटे उठून फुलं तोडायची, जुड्या बांधायच्या, बाजारात पाठवायच्या, यात माझी जवानी गेली. मुलं शिकून बाहेर पडली. घरात टेम्पो आहे, जीप आहे, ट्रॅक्टर आहे, पण ते सगळं शेताचं. मग एक दिवस परदेशी बनावटीची, जुनी, दोनच माणसांची, लालभडक गाडी विकायला आहे असं कळलं, आणि मी ती घेतली. डिकीत गुलाबाच्या चार जुड्या मावत नाहीत. इतकी बुटकी, की सासूबाईंना तिच्यात बसवायला एक माणूस आणि बाहेर काढायला दोन माणसं लागतात. आमचे हे म्हणाले, "या वयात?" मी म्हटलं, "मग कोणत्या वयात?" फक्त माझ्यासाठी घेतलेली अशी ती आयुष्यातली पहिलीच वस्तू होती. तिच्यात बसून दरवाजा लावला की मी कुणाची सून नव्हते, कुणाची आई नव्हते. मला ती फार म्हणजे फार आवडायची.

त्या गाडीतून चैत्रात सासूबाईंना वणीच्या गडावर घेऊन गेले. चढताना काही नाही. दर्शन झालं, ओटी भरली. उतरताना अर्ध्या घाटात ब्रेक मऊ लागायला लागला. मग आणखी मऊ. मग कणकेच्या गोळ्यात पाय रुतावा तसा सरळ आत गेला आणि गाडी काही थांबेना. जळका वास, चाकातून धूर, उजवीकडे दरी. मी जोर करून गिअर खाली पाडले, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूला पाण्याची चारी असते, तिच्यात डावी चाकं घातली. गाडी खरवडत खरवडत थांबली. शेजारी सासूबाई हातात प्रसादाची पिशवी घट्ट धरून डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांना खरचटलंसुद्धा नव्हतं. मी मात्र दार उघडून बाहेर आले आणि रस्त्यावरच फतकल मारून बसले.

तेव्हापासून माझा पाय लटपटायला लागला. घाट सोडा, शहरातल्या उड्डाणपुलाचा उतारसुद्धा मी टाळायला लागले. आमच्या ह्यांनी फार लावून धरलं नाही, पण एकदाच सांगितलं. "ब्रेक नीट करून घे आणि दिवाळीपर्यंत गडावरून एकदा खाली आणून दाखव. नाही जमलं तर देऊन टाकू. दारात नुसती शोभेला ठेवायला ती काय तुळस आहे?" बोलणं रास्त होतं, म्हणून जास्त झोंबलं.

हे सगळं मी डब्यावर बसून मिस्त्रींना सांगितलं. ते चहा बशीत ओतून फुंकर मारत ऐकत होते.

"घाट कोणत्या गिअरात उतरला?"

"चौथ्या."

"अन् पाय?"

"ब्रेकवर. सगळा वेळ. मग कुठे ठेवायचा?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "अरारारा," म्हणाले. मग उठून गाडीच्या टपावर हात ठेवला आणि तिची समजूत घातल्यासारखं बोलले, "बाईसाहेब, तुमची काय बी चूक नाय."

तुम्हाला वाटेल, असा माणूस म्हणजे मोठा शांत, अबोल कारागीर असणार. छे हो! मिस्त्रींसारखा बढाईखोर आणि भांडकुदळ माणूस साऱ्या वसाहतीत नव्हता. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं मत असायचं आणि ब्रेक सोडून बाकी सगळी मतं चुकायची. आज पाऊस नाही म्हणाले की मी शेतात पोत्यांवर ताडपत्री टाकून घ्यायची. शेजारच्या लेथवाल्याच्या गुडघ्याला त्यांनी कसलासा पाला बांधायला लावला, तर तो बिचारा आठवडाभर लंगडला आणि वर अंगाला खाज. "पाला बरोबरच होता, गुडघा चुकीचा होता," हे त्यांचं स्पष्टीकरण. निवडणुकीत ते ज्याला निवडून आणायचे तो हमखास पडायचा.

गिऱ्हाइकांशी तर विचारू नका. एकदा माझ्यासमोर एक चकचकीत गाडी घेऊन एक गृहस्थ आले. चाकाच्या आतला तो भाग, ज्याला कॅलिपर म्हणतात, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला, डिस्कला, दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमटीत पकडणारा पंजा, तो त्यांना लाल रंगवून हवा होता. मिस्त्रींनी शांतपणे विचारलं, "ब्रेक लागतो का?" ते म्हणाले, "लागतो की, पण दिसत नाही." मिस्त्रींनी गल्लीच्या पलीकडे बोट दाखवलं. "लिपस्टिक लावायची आसंल तर समोर पार्लर हाय." ते गृहस्थ जे गेले ते परत आले नाहीत.

आणि त्यांचा तो एक मंत्र. "बसू द्या." चहा ओतला की, "घाई नका करू, चोथा खाली बसू द्या." भांडण झालं की, "धुरळा बसू द्या, मग बोलू." त्यांची मुलगी नव्या नोकरीला कंटाळून घरी फोन करायची, तेव्हा तिलाही तेच. "बस्तान बसू दे गं, मग सोड." आमच्या मराठीत बसणं या शब्दात काय काय बसतं, हे मला त्या शेडमध्ये कळलं.

माझ्या गाडीच्या बाबतीत मात्र त्यांची बढाई एकदा चांगलीच अंगाशी आली. जुन्या डिस्क तापून वाकड्या झाल्या होत्या, पॅड जळून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. मिस्त्री म्हणाले, "आता हिला आशी डिस्क लावतो, परातीएवढी. गडावरनं काय, आभाळातनं खाली आणा." मोठ्या डिस्क मागवल्या, त्यांना शोभतील असे मोठे कॅलिपर मागवले. मी विचारलं, "चाकात मावतील ना?" झालं! त्यांचा अपमान झाला. "मला शिकवताय? डोळे झाकून सांगतो, मावत्यात."

सगळं जोडून झालं, चाक चढवायला घेतलं, आणि ते चढेना. कॅलिपर रिमला आतून घासत होता. मिस्त्रींनी चाक फिरवून पाहिलं, उलटं धरून पाहिलं, चाकाला शिवी दिली. मग पंचा खांद्यावर टाकून म्हणाले, "कंपनीनं चाक लहान दिलंय," आणि शेडच्या मागे जाऊन बसले. मी हसू दाबत दोन चहा सांगितले. त्यातला त्यांचा चहा थंड झाला तरी ते पुढे आले नाहीत. लेथवाल्यानं सुचवलं, मध्ये एक जाड चकती टाका, चाक बाहेर सरकेल. त्यावर मात्र ते तिरासारखे आले. "ठिगळ लावून द्यायला ही गोधडी हाय का? बाई घाट उतरणार हाय हिच्यातून." ते सगळं जडजवाहीर खोलून परत पाठवलं आणि मूळ मापाच्याच, पण चांगल्या धातूच्या, खाचा पाडलेल्या डिस्क आणल्या. उष्णता सोसणारे पॅड आणले. काळं पडलेलं ब्रेक ऑइल पार काढून नवं भरलं. "ब्रेक मऊ पडला तो या जुन्या तेलापायी. त्यात पाणी मुरलं होतं, तापून त्याचे बुडबुडे झाले," ते म्हणाले. बाहेरून बघितलं तर काही बदललंय असं कुणाला वाटलं नसतं. मला स्वतःला वाटत नव्हतं.

गाडी हातात मिळाली ती नेमकी दसऱ्याच्या आदल्या दिवशी. मिस्त्रींनी बजावलं, "हळूहळू घरी न्या. सण झाला की आणा. पॅड अजून बसायचेत."

दसऱ्याला आमच्याकडे ट्रॅक्टरपासून फुलं कापायच्या कात्रीपर्यंत सगळ्यांची पूजा होते. मी झेंडूचा हार घालून, बॉनेटवर कुंकू लावून आत गेले. पण सासूबाईंचं समाधान झालं नव्हतं. त्या गाडीजवळ बसल्या, चाकाच्या आऱ्यांमधून हात आत घातला आणि चारही नव्या, चकाकत्या डिस्कवर तुपात कुंकू कालवून स्वस्तिक काढलं. वर एकेक पळी तेल सोडलं. मनोभावे, सावकाश. मला पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी सातपूरला पोचेपर्यंत गाडी ब्रेक लावला की एका बाजूला ओढत होती आणि किंचाळत होती. माझा जीव अर्धा झाला. नवे ब्रेक, आणि पहिल्याच दिवशी ही तऱ्हा! मिस्त्री वाकले. वास घेतला. पुन्हा घेतला. भुवया वर गेल्या.

"ताई, चाकात शिरा केला का?"

मी घरी फोन लावला तेव्हा उलगडा झाला. मी सासूबाईंवर चिडणार तोच मिस्त्रींनी माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं, आता माझ्या सासूचीही लिपस्टिक निघते की काय. पण ते इतक्या मऊ आवाजात बोलले की मी बघतच राहिले.

"आजी, नमस्कार करतो. मी ब्रेकवाला."

तिकडून सासूबाईंचा खणखणीत आवाज मला ऐकू येत होता. "अरे बाबा, ज्यानं आमच्या दोघींचा जीव राखायचा, त्याचीच पूजा करायची ना? बॉनेटची करून काय उपयोग?"

"बरोबर हाय आजी," मिस्त्री म्हणाले. "सगळं शहर बॉनेटला हार घालतं. चाळीस वर्षांत ब्रेकला कुंकू लावणारं माणूस मी पहिल्यांदा पाह्यलं. पर एक ऐका. हा देव मारुती नाय, शनी बी नाय. याला तेल चालत नाय. हा कोरडा देव हाय. पुढच्या वर्षी नुसतं फूल ठेवा."

पुढच्या वर्षी फूल! दिवाळीनंतर गाडी राहते की जाते याचाच पत्ता नव्हता. पण हे मी बोलले नाही. मिस्त्रींनी चारही चाकं उतरवली, डिस्क उग्र वासाच्या औषधानं पुसल्या, पॅडचा वरचा थर पाटीवर खडू घासावा तसा पॉलिश पेपरवर घासून काढला. एक जोडी तेल पिऊन बसली होती, ती फेकून नवी घातली. मधूनच स्वतःशी हसत म्हणायचे, "कोरडा देव!" आपल्याच विनोदावर ते इतके खूश झाले होते की त्या दिवशी येईल त्याला तो ऐकवला.

मग ब्रेक बसवायला आम्ही दिंडोरीच्या रस्त्याला गेलो. मिस्त्री शेजारी, गुडघे हनुवटीला लागलेले. नवे पॅड नव्या डिस्कवर नीट बसवायचे तर गाडी वेगात न्यायची, जोरात ब्रेक दाबून एकदम हळू करायची, पण पूर्ण थांबवायची नाही. पुन्हा वेगात, पुन्हा हळू. तापलेली डिस्क तशीच थांबवून धरली तर पॅडचा डाग तिच्यावर उमटतो आणि सगळं मुसळ केरात. "दोघं एकमेकांला नवीन हायेत," मिस्त्रींनी समजावलं. "घासू द्या, तापू द्या, वाऱ्यावर गार होऊ द्या. आपसूक बसत्यात. पर थांबायचं नाय."

डिस्क चांगल्या तापल्या आणि वळणावर झाडाखाली एक हवालदार हात वर करून उभा. लाल गाडी सारखी पळतेय आणि दबकतेय हे त्यानं लांबून पाहिलं असणार.

"मिस्त्री, पोलीस!"

"थांबू नका!" ते ओरडले.

"अहो, पोलीस आहे!"

"हळू करा, पर थांबू नका! डिस्क खराब व्हईल!"

मी गाडी माणसाच्या चालीवर आणली. हवालदार चिडून बाजूनं चालायला लागला. मिस्त्रींनी काच खाली करून हात जोडले. "साहेब, चालत चालत बोला. ब्रेक तापलाय, थांबता येत नाय."

"ब्रेक लागत नाही?" हवालदार दचकला.

"लागतो की! लय लागतो! म्हणून तर थांबत नाय!"

तो बिचारा आमच्याबरोबर बराच वेळ चालला, कागद चालता चालता पाहिले, डिस्क आणि पॅडची सगळी हकिकत ऐकली आणि शेवटी धापा टाकत म्हणाला, "जा बाई, जा. पण येताना थांबा, माझ्या मोटरसायकलचा ब्रेक दाखवायचाय." येताना आम्ही खरंच थांबलो. मिस्त्रींनी आधी वास घेतला.

त्या दिवशी परतताना मी त्यांना म्हटलं, "गाडी छान थांबते, मिस्त्री. पण गडावर न्यायचं म्हटलं की माझा विश्वासच होत नाही. तुम्ही येता का बरोबर एकदा?"

"नाय," ते म्हणाले. "मी बसलो तर तुम्ही माझ्यावर इसंबून घाट उतराल. त्याचा काय उपेग?"

"मग विश्वास कसा ठेवू?"

"ठेवू नका. इश्वास काय फळीवर ठेवायची वस्तू हाय? तो बसतो."

बोलणं पटलं. पाय मात्र लटपटायचाच. दिवाळी झाली. मी सपाट रस्त्यावर गाडी फिरवत राहिले आणि गडाचं नाव निघालं की गुलाबाचा हंगाम आहे, लग्नसराई आहे, माणसं मिळत नाहीत, अशी कारणं सांगत राहिले. आमचे हे वाट पाहून थकले. विंचूरचे एक कांदा व्यापारी रविवारी गाडी बघायला येणार असं ठरलं. मी हो म्हटलं. तोंडानं हो म्हटलं आणि गोठ्यामागे जाऊन रडले.

त्याच आठवड्यात मिस्त्रींच्या मुलीचा फोन आला. शेड बंद असल्याचं मला कळलं होतं, पण खोकला आहे, बरा होईल, असंच ते सांगत होते. मुलगी म्हणाली, "ताई, बाबांच्या छातीचं दुखणं बरं होणारं नाही. ब्रेकची धूळ वर्षानुवर्षं आत गेलीय. डॉक्टरांनी, हवं ते करू द्या, असं सांगितलंय. बाबा म्हणतात गडावर जायचं. आणि त्या लाल गाडीतूनच जायचं. खरं तर ते कधी देवळात जात नाहीत."

मी नाही कशी म्हणणार? पण हो म्हणताना तो घाट डोळ्यांपुढे आला. आता शेजारी धडधाकट माणूस नव्हता. आजारी होता, ज्याला एक हिसकाही सोसला नसता.

शनिवारी सकाळी निघालो. मिस्त्री निम्मे झाले होते, सीटमध्ये बुडून गेले. वाटेत एका ट्रकला नावं ठेवली, दुपारी पाऊस येणार म्हणाले. आभाळ निरभ्र होतं. गडावर पोचलो, तर खाली उतरायला तयार नाहीत. "पायऱ्या नाय, ट्रॉली नाय. दिसती की इथनं," म्हणून गाडीतूनच वर हात जोडले. मी आणलेला चहा घोटभर घेतला. मग म्हणाले, "चला. उतरा."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा माणूस दर्शनाला आलाच नव्हता.

पहिल्या वळणाला माझा पाय थरथरला. "दुसरा टाका," ते हळूच म्हणाले. मी दुसरा गिअर टाकला. ब्रेक दाबला. पाय टणक जमिनीवर ठेवल्यासारखा घट्ट लागला आणि गाडी आज्ञाधारकपणे हळू झाली. पाय काढला, गाडी आपल्याच चालीनं उतरू लागली. दुसरं वळण. तिसरं. जिथे चारीत चाकं घातली होती ती जागा आली. दाबला, सोडला. दाबला, सोडला. ती जागा मागे पडली.

"मिस्त्री, बरोबर चाललंय ना?"

उत्तर नाही.

"मिस्त्री?"

पुन्हा उत्तर नाही. मान खिडकीकडे कलली होती. देवा, इथे नको, माझ्या गाडीत नको! पुढे वळण, बाजूला दरी, मला त्यांच्याकडे धड बघताही येईना. आणि तेवढ्यात मला आवाज आला. मिस्त्री घोरत होते. चांगले मोठ्यानं, तोंड उघडं टाकून.

मी रडले की हसले ते सांगता येणार नाही, दोन्ही झालं असेल. नंतरचा सगळा घाट मी एकाच काळजीत उतरले, की मिस्त्रींची झोप मोडता कामा नये. ब्रेक इतका अलगद दाबायचा, की त्यांची मान हलणार नाही. पायाची लटपट कुठल्या वळणावर थांबली ते माझ्या लक्षातही आलं नाही.

सातपूरला मिस्त्रींच्या घराच्या दारात गाडी उभी केली तेव्हा शिफ्ट सुटली होती. हॉर्न, बस, मोटरसायकली, नुसता कल्लोळ, तरी मिस्त्रींचं घोरणं चालूच. मुलगी धावत आली, काचेतून डोकावली आणि पांढरी पडली.

"झोपलेत गं," मी घाईनं म्हटलं. "घाटातच झोपले."

"बाबा? गाडीत? ताई, बाबा गाडीत झोपत नाहीत. गावाला जाताना जागा असली तरी एसटीत ड्रायव्हरच्या मागे उभे राहायचे. माझ्या नवऱ्याच्या गाडीत सगळा रस्ता उजवा पाय फळीवर दाबून बसतात. कुणाच्याच गाडीत त्यांचा डोळा लागलेला मी पाहिला नाही."

त्या व्यापाऱ्याला आमच्या ह्यांनीच फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. गाडी आजही माझ्याकडे आहे. मिस्त्री मात्र थोड्याच दिवसांत गेले. त्यांचे उपकार मानायचे राहून गेले, म्हणून हे लिहायला बसले. मला माणसं पुष्कळ भेटली, प्रेम करणारीही भेटली. पण आमचे हे अजून माझ्या शेजारी बसले की दाराचं हँडल धरतात, सासूबाई जपमाळ काढतात. माझ्या हातात स्टिअरिंग असताना घाटाच्या उतारावर निर्धास्त झोपलेला माणूस आयुष्यात एकच.

त्या दुपारी आम्ही दोघींनी त्यांना उठवलं नाही. गाडीच्या दोन बाजूंना दोघी उभ्या राहिलो. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले, स्वतःचं दार पाहिलं, मुलीला पाहिलं, आणि एकदम माझ्यावर उखडले.

"उठवलं का नाय? घाट कुठं गेला?"

"मागे राहिला, मिस्त्री," मी म्हटलं.